झाकण लावून काढलेले फोटो

"मावशी, तुम्हाला एकटं वाटत नाही का हो?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि भिंगरीला वाटलं, आपली जीभ आपणच चावून गिळून टाकावी. पण पैज म्हणजे पैज.

पैज लागली ती खाली, जिन्यात. चौघी मैत्रिणी शाळेतून आल्या आल्या पायऱ्यांवर ठाण मांडून बसल्या होत्या. कप्तान, जी हुकूम सोडायलाच जन्माला आली होती. रेडिओ, जी झोपेतही बंद होत नसे. सावली, जी भिंगरीच्या मागे इतकी गुपचूप चालायची की दुसरं नाव तिला कुणी शोधलंच नाही. आणि एका जागी बसेल तर शपथ, अशी खुद्द भिंगरी. गेल्या महिन्यात वादविवादात पहिली आल्यापासून तिला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

"गच्चीवर जायचं," कप्तान म्हणाली, "आणि एक्सरे मावशीला विचारायचं, एकटं वाटत नाही का म्हणून. आहे हिंमत?"

"हिंमत मला विचारतेस? घे, ही निघाले."

"पण उत्तर पूर्ण ऐकून ये," सावली हळूच म्हणाली. "अर्धवट नको. आणि टाकीच्या पलीकडे बसव त्यांना. अलीकडे वारं फार लागतं."

"बघा, हिलाच बाई सगळ्यांची काळजी," रेडिओ म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

तर आता भिंगरी गच्चीवर उभी होती आणि मावशी तिच्याकडे बघत होत्या. हॉस्पिटलात एक्सरे काढण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर सगळ्यात वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या आणि संध्याकाळ झाली की तिपाईवर कॅमेरा चढवून गच्चीत उभ्या. सध्या तर विचारूच नका. मावळतीला, गिरणीच्या चिमणीच्या डोक्यावर, धूमकेतू दिसत होता. रांगोळीवरून बोट ओढावं तशी शेपटी, आणि खाली ठळक पांढरा ठिपका. आठवडाभर धुरकट हवेने सतावल्यावर आज आभाळ पहिल्यांदा धुतल्यासारखं झालं होतं.

"श्वास रोखा," मावशी धूमकेतूला म्हणाल्या होत्या, आणि बटण दाबलं होतं. नोकरीतली सवय. असे पुष्कळ फोटो काढून झाल्यावर त्यांनी लेन्सवर झाकण लावलं. तरी कॅमेरा आपला टक्, टक् करतच राहिला. बंद करायचा राहिला असेल, असं भिंगरीला वाटलं.

आणि मग तिने तो प्रश्न विचारला.

मावशी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "उभ्यानं सांगण्यासारखं नाही ते. बस."

"टाकीपलीकडे बसू या? वारं लागतंय."

दोघी दोन पालथ्या बादल्यांवर बसल्या. टाकीमुळे कॅमेरा दिसेनासा झाला, नुसती टकटक ऐकू येत होती.

"वाटतं ना," मावशी म्हणाल्या. "न वाटायला काय झालं? माझ्या खोलीत माणूस यायचा. मी म्हणायचे, हलू नका, श्वास रोखा, सोडा. फोटो निघाला की तो चालला. अख्ख्या नोकरीत माणसं आतून बघितली, बाहेरून एकाचीही ओळख नाही झाली." त्या जराशा हसल्या. "धूमकेतूचं बरं असतं. तो जाणार, हे आधीच माहीत असतं. म्हणून राग येत नाही."

मध्येच टकटक थांबली. गच्ची एकदम केवढी तरी मोठी झाली.

"तुला कुणी पाठवलं हे विचारायला?"

भिंगरीने मान खाली घातली.

"असू दे. पैजेवर का होईना, विचारलंस. दुसऱ्या कुणी तेवढंही विचारलं नव्हतं."

भिंगरी खाली आली तेव्हा कप्तान गच्चीच्या दाराशी वरच्या पायरीवर होती आणि रेडिओ जिन्याच्या तळाशी वॉचमनकाकांना काहीतरी सांगत होती. थोड्या वेळाने सावलीही आली, परकराला हात पुसत. पाणी प्यायला गेले होते, म्हणाली. तिच्या पांढऱ्या बाहीवर एक तांबूस डाग पडला होता.

"काय म्हणाली मावशी?" कप्तानने विचारलं.

"नाही वाटत, म्हणाल्या." आयुष्यात पहिल्यांदाच भिंगरीने ऐकलेली गोष्ट वाढवून सांगायच्या ऐवजी गिळून टाकली.

रात्रीची जेवणं व्हायच्या आतच वरून आवाज यायला लागले. अख्ख्या इमारतीची मावशी, पण खरा भाचा एकच. तो नेमका त्याच संध्याकाळी परगावाहून आला होता. भिंगरी दोन दोन पायऱ्या ओलांडत वर गेली.

कॅमेरा टेबलावर उघडा पडला होता. आतलं कार्ड गायब.

"घातलं होतं मी," मावशी म्हणत होत्या. "माझ्या हातांनी घातलं होतं."

"घातलंच नसशील, मावशी. मागच्या वेळी गॅस चालू राहिला होता तुझा."

"गॅसचं वेगळं आहे."

"आणि हे?" भाच्याने संगणकावरचे आधीच्या दिवसांचे फोटो एकामागून एक सरकवले. काळा. काळा. पुन्हा काळा. शेकडो काळे चौकोन. "झाकण काढायला विसरतेस आणि काळोखाचे फोटो काढत बसतेस. मला बोलायला नको वाटतं, पण डोळ्यांनी दिसतंय ते कसं नाकारू?"

भिंगरी पडद्याजवळ गेली. काळा म्हणजे अगदी डांबर. फक्त चार बारीक ठिपके होते, कंपासच्या टोकाने टोचल्यासारखे. दोन लाल, एक निळा, एक पांढरा. प्रत्येक फोटोत तिथल्या तिथे.

मावशींनी फक्त संगणक बंद केला.

"रविवारी सामान बांधू," भाचा मऊ आवाजात म्हणाला. माणूस वाईट नव्हता, ते कळत होतं, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडताही येत नव्हतं. "माझ्याकडे चल."

"तुझ्याकडे गच्ची आहे?"

"तळमजला आहे. पायऱ्या नकोत तुला आता."

मावशी खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. भिंगरी त्या रात्री अंथरुणावर नुसती कूस बदलत राहिली. कार्ड सापडलं नाही तर एका कार्डापायी मावशी वेड्यात निघणार होत्या, आणि तळमजल्यावर जाऊन पडणार होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने तपासाला पदर खोचला. आधी वॉचमनकाका.

"काका, काल संध्याकाळी गच्चीवर कोण कोण गेलं?"

"मावशी गेल्या. मग तू गेलीस, उड्या मारत."

"आणखी?"

"पुढच्या जिन्याने मुंगीसुद्धा नाही. वर कप्तान दार अडवून बसलेली, खाली मी."

"तुम्ही जागचे हलला नाहीत?"

"तुझी ती मैत्रीण बोलत होती गं. ती बोलत असताना माणूस हलू शकतो का?"

"आणि मावशींचे भाचे?"

"ते नंतर आले. तुम्ही पोरी पांगल्यावर." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "शेंडेनक्षत्र चांगलं नव्हे, बघ. काहीतरी घेऊनच जातं."

"नक्षत्राला हात असतात का, काका?"

भाचा गॅलरीत चहा घेत होता. त्यालाही तिने सोडलं नाही.

"तुम्ही आलात तेव्हा कॅमेरा कुठे होता?"

"मावशी तो घेऊन खालीच येत होती. मी हातातून घेतला, टेबलावर ठेवला. का? मी चोरलं म्हणतेस?"

"मी काहीच म्हणत नाही. मी विचारते."

"तुझं वय काय गं?"

"वयाचा तपासाशी संबंध नाही," असं म्हणून भिंगरी ऐटीत निघाली आणि दारातल्या चपलांना अडखळली.

त्याच दिवशी दुपारी शाळेत प्रदर्शन मांडलं गेलं. विषय होता आकाश. फोटो सगळे एकाच मापाचे, खाली फक्त नंबर. नावं पाकिटात बंद, ती उद्या बक्षीस देताना उघडायची. पहिला येईल त्याला डोंगरावरच्या वेधशाळेत शिबिराला पाठवणार होते, आणि जागा एकच.

बहुतेक फोटो मोबाइलवरचे, चंद्र म्हणजे जणू रस्त्यावरच्या दिव्याचा बल्ब. कप्तानचा तर लांबूनच ओळखू येत होता, कारण कोपऱ्यात तिचं बोट आलं होतं.

सात नंबरपाशी मात्र भिंगरीचे पाय थबकले.

गिरणीची चिमणी. तिच्यावर धूमकेतू, शेपटी पार चौकटीबाहेर गेलेली. शेपटीच्या मध्यावर एक गाठ पडल्यासारखी, जणू कुणी तिथे फुंकर घातली होती. पोरं ढकलाढकली करत होती, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. चांदण्या किंचित लांबट होत्या, तांदळाच्या दाण्यांसारख्या. पण चार ठिपके तेवढे लांबट नव्हते. अगदी टोकदार. दोन लाल, एक निळा, एक पांढरा.

शाळा सुटली तशी ती धावत सुटली ती मावशींच्या दारात जाऊनच थांबली.

"मावशी, ते काळे फोटो. तुम्ही झाकण विसरला नव्हता ना?"

मावशींनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "नाही."

"मग काल बोलला का नाहीत?"

"त्याने विचारलं नव्हतं. त्याने सांगितलं होतं." त्यांनी तिला आत घेतलं. "प्रत्येक कॅमेऱ्याला खोट असते. दिव्याच्या काचेवर डाग असला की प्रत्येक भिंतीवर दिसतो ना, तसं. फोटोला वेळ द्यावा लागला की हे ठिपके उमटतात. आभाळात नसतात, कॅमेऱ्यात असतात. म्हणून आम्ही आधी आभाळाचा फोटो काढतो, मग झाकण लावून नुसत्या खोटीचा. नंतर संगणकावर एकातून दुसरा वजा करायचा. उरतं ते खरं आभाळ."

"म्हणजे कॅमेऱ्याच्या हाताचे ठसेच की."

मावशी पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. "असं मला सुचलं नव्हतं."

मग भिंगरीने सात नंबरचं सांगितलं, आणि दोघींनी मिळून एक पारदर्शक कागद प्रदर्शनातल्या फोटोंच्या मापाचा कापला आणि काळ्या फोटोतले चार ठिपके त्यावर जागच्या जागी उमटवले. मावशींनी सवयीने तो खिडकीच्या उजेडात धरून बघितला, एखाद्याचं हाड तपासावं तसा.

"मी छापला असता तर हे ठिपके दिसलेच नसते," त्या म्हणाल्या. "ज्याने छापला, त्याला वजा करायचं माहीत नाही."

घरी परतताना भिंगरी पुढच्या जिन्याने गेली नाही. इमारतीला मागे थेट गच्चीपर्यंत जाणारा एक लोखंडी जिना होता, प्रत्येक मजल्यावरच्या गॅलरीतून त्यावर जाता यायचं. वापरात नसल्यासारखाच. त्याच्या कठड्याचे पोपडे निघाले होते. ती एक मजला खाली आली, आधाराला कठडा धरला आणि मग सहज स्वतःची बाही बघितली. गंजाचा तांबूस डाग.

ती तिथेच पायरीवर बसली. बराच वेळ उठली नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. प्रदर्शनाचा हॉल उघडायच्या आधी भिंगरीने मोठ्या बाईंना गाठलं. बाईंनी पारदर्शक कागद सात नंबरवर ठेवला. चारही ठिपके चार ठिपक्यांवर जाऊन बसले, केसाचाही फरक नाही. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"पाकीट उघडू?"

"नको बाई. संध्याकाळपर्यंत थांबा. ज्याने केलंय त्याला आधी स्वतःहून सांगू दे."

बक्षीस सोमवारवर गेलं. संध्याकाळी तिने सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. मावशी, भाचा, वॉचमनकाका, तिघी मैत्रिणी. किती वेळा तिने मनात या प्रसंगाची तालीम केली होती: आपण मधोमध उभ्या, सगळे श्वास रोखून. आता सगळे खरंच जमले होते आणि ती मधोमध न जाता टाकीला टेकून उभी राहिली होती.

"मावशी विसराळू नाहीत," ती म्हणाली. "हे आधी. " मग ती भाच्याकडे वळली. "तो कॅमेरा घ्या. आत मावशींचं दुसरं कार्ड आहे. ते काढा आणि बटण दाबा."

भाच्याने दाबलं. काही झालं नाही.

"आता कार्ड घाला."

टक्.

"कार्डाशिवाय हा टकटक करत नाही. परवा मी टाकीपलीकडे बसले होते तेव्हा तो टकटक करत होता, झाकण लावून. म्हणजे कार्ड आत होतं. आणि मावशी बोलत असताना ती टकटक मध्येच थांबली."

"मला वाटलं, जेवढे लावले होते तेवढे फोटो पुरे झाले," मावशी म्हणाल्या.

"तेव्हाच कुणीतरी कार्ड काढलं. तुम्ही तर तेव्हा आलाही नव्हतात," ती भाच्याला म्हणाली.

"आणि ते काळे फोटो?" भाच्याने विचारलं. या वेळी त्याने खरंच विचारलं. मग भिंगरीने ठिपक्यांचं सगळं सांगितलं, सात नंबरचंही. भाचा मावशीकडे बघत राहिला. "मला का नाही सांगितलंस?"

"तू सामान बांधत होतास."

रेडिओला राहवेना. "पण घेतलं कुणी? पुढच्या जिन्यात तर आम्हीच होतो."

"म्हणूनच. चोर मागच्या जिन्याने आला. तो जिना या इमारतीत राहणाऱ्यांनाच माहीत. त्याच्या कठड्याचा गंज हाताला लागतो, बाहीला लागतो." भिंगरीने आपली बाही पुढे केली. तांबूस डाग. "आणि चोराला ठाऊक होतं की मावशी त्या वेळी कॅमेऱ्यापाशी नसतील. टाकीपलीकडे असतील. आणि लवकर उठणार नाहीत, कारण मला सांगितलं होतं की उत्तर..."

वादविवादात पहिली आलेली भिंगरी, आणि तिला पुढचा शब्द सापडेना.

तेव्हा सावलीने हात वर केला, वर्गात करतात तसा. वर्गात तिने तो कधीच केला नव्हता.

"उत्तर पूर्ण ऐकून ये," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं ते."

कप्तान तोंड उघडून मिटायला विसरली. सावलीने दप्तरातून कंपासपेटी काढली आणि तिच्यातलं कार्ड मावशींच्या हातावर ठेवलं.

"मी रोज मागच्या जिन्यात बसायचे," ती म्हणाली. "तुम्ही धूमकेतूला श्वास रोखायला सांगता ना, तेव्हा मीही रोखायचे. फोटो घेऊन कार्ड परत ठेवणार होते. पण मग यांचा आरडाओरडा ऐकला आणि घाबरले. एकदा तरी माझा नंबर यावा, असं वाटलं."

"मागितला असतास तर दिला असता मी. काढायलाही शिकवलं असतं."

"मला विचारता येत नाही. विचारणं हिला येतं." सावलीने भिंगरीकडे बघितलं. "म्हणून कप्तानला पैज मीच सुचवली आणि हिला पाठवलं."

गिरणीच्या चिमणीवर धूमकेतू आला होता, परवापेक्षा फिकट.

"कार्डावर ढीगभर फोटो होते," मावशी शेवटी म्हणाल्या. "त्यातला तो एकच का निवडलास?"

"शेपटीला गाठ पडली होती. बाकीच्यांत ती एवढी नीट नव्हती."

"मीही तोच निवडला असता." मावशींचा आवाज मऊ नव्हता, पण कडकही नव्हता. "सोमवारी बाईंकडे जायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं. हे विचारणं नाही, सांगणं आहे. तेवढं येईल."

सावलीने मान हलवली आणि मागच्या जिन्याकडे निघाली. तिला कुणी थांबवलं नाही. भिंगरीलाही पाय उचलवला नाही.

"मग रविवारी मी काय करू?" भाच्याने विचारलं.

"झाकण धर," मावशी म्हणाल्या. "हे माझ्या हातून नेहमी कुठेतरी पडतं, ते मात्र खरं."

भिंगरी घरी पोचली, पण बातमी तिच्या आधी पोचली होती. आईने ताट वाढलं होतं आणि तोंडाचा पट्टाही सुरू केला होता. आजपासून त्या मुलीशी बोलायचं नाही. वापरून घेतलं तुला. आणि गच्ची पुरे झाली आता, अभ्यासाचं काय? बाबा म्हणाले, अगं, पोरीने केवढा तपास लावला, कौतुक तरी कर. आई म्हणाली, कौतुक केलं की ही आणखी वर चढते.

एरवी भिंगरीने दोघांनाही बोलण्यात हरवलं असतं. आज ती ताटासमोर बसली आणि तिला जिन्यातली ती संध्याकाळ दिसली. खाली येताना वर कप्तान होती, तळाला रेडिओ होती. आणि आपण मनात म्हटलं होतं, चला, सगळ्या आहेत.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "धूमकेतू दिसेनासा होईपर्यंत मी रोज संध्याकाळी गच्चीवर जाणार. आणि जाताना सावलीची बेल वाजवणार. दार नाही उघडलं तर दुसऱ्या दिवशी परत वाजवणार. तिने केलं ते चूकच आहे, ते मी तिला तोंडावर सांगणार. पण त्या दिवशी ती जिन्यात नव्हती, आई, आणि मला ते कळलंसुद्धा नाही. यापुढे मी वर जायच्या आधी मोजून बघणार आहे."